बाराव्या फ्रेटवरचा शिंपला

नऊ वर्षांपूर्वी मी बनवलेली एक गिटार यंदाच्या वैशाखात फ्रेट, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, बदलण्यासाठी माझ्याकडे परत आली. ती ज्याच्यासाठी बनवली होती तो मुलगा तेव्हा कॉलेजात शिकत होता. आता तो नागपूरच्या धरमपेठेत मुलांना गिटार शिकवतो, आणि रोजच्या चार-पाच तासांच्या वादनाने तिच्या पहिल्या पाच फ्रेटांवर तारांच्या खोल खाचा पडल्या होत्या. जुने फ्रेट काढले आणि बाकदार ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट ज्यात बसतात ती मानेवरची फळी, समतल करायला घेतला. थोडेच घासकाम झाले असेल, तेवढ्यात बाराव्या फ्रेटपाशी सजावटीसाठी बसवलेल्या शिंपल्याच्या चौकोनाची दोन्ही टोके पिवळट दिसू लागली. तो पिवळेपणा शिंपल्याचा नव्हता, खालच्या इपॉक्सी गोंदाचा होता. चौकोनाच्या मध्यभागी शिंपला सव्वा मिलिमीटर जाड आणि शाबूत होता. टोकांना मात्र तो कागदासारखा पातळ होत होत संपला होता.

“काका, शिंपला हलका निघाला का?” त्याने विचारले. शिंपला उत्तम प्रतीचा होता, आणि तो अजूनही माझ्याकडे आहे. चुकला होता तो जाडीचा हिशेब, आणि तो हिशेब मी केलाच नव्हता. विक्रेत्याकडे जी जाडी मिळाली ती घेतली होती.

गिटारवरचे जडावकाम शिकू पाहणारे कधी कधी महाल भागातल्या माझ्या छोट्या कार्यशाळेत येतात. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी पदार्थाचा असतो: मदर ऑफ पर्ल, म्हणजे मोत्याचा शिंपला, घ्यावा की अबॅलोन हा रंगीत समुद्री शिंपला, पितळ चालेल का, हाड कसे दिसेल. जाडी हा त्यांना तपशील वाटतो. माझे मत असे झाले आहे की क्रम उलटा असायला हवा. ज्या पृष्ठभागावर तुकडा बसणार आहे त्याचा बाक, तुकड्याची रुंदी आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत त्यावर होणारे घासकाम या तीन गोष्टींवरून जाडी ठरते. ती जाडी ठरली की अर्धेअधिक पदार्थ आपोआप यादीतून गळतात, आणि उरलेल्यांतून चमक, रंग व किंमत पाहून निवड करणे सोपे जाते.

फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग दिसायला सपाट असला तरी बहुतेक गिटारींवर तो एका मोठ्या वर्तुळाच्या कंसासारखा असतो, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या कंपनीगणिक बदलते. जुन्या फेंडर गिटारींची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे १८४ मि.मी. असे. त्याच कंपनीच्या नंतरच्या बऱ्याच गिटारींवर ती ९.५ इंच, म्हणजे २४१ मि.मी. आहे. गिब्सनची १२ इंच, म्हणजे ३०५ मि.मी., आणि मार्टिनच्या अकूस्टिक गिटारींची १६ इंच, म्हणजे ४०६ मि.मी. त्रिज्या जितकी लहान तितका बाक जास्त. आपण बसवतो तो शिंपला मात्र तळाशी सपाट असतो आणि त्याच्यासाठी कोरलेली खोबणही तळाशी सपाट असते. वरचा भाग घासून बोर्डाच्या बाकाशी एकरूप करताना मध्यभागी शिंपला पूर्ण जाडीचा राहतो आणि दोन्ही टोकांना तो कमी होत जातो. टोकांना किती कमी होईल, हे शाळेतल्या भूमितीने काढता येते.

कंसाच्या दोन टोकांना जोडणारी रेषा ती जीवा, आणि जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची तो शर. आपल्याकडच्या जुन्या गणितात धनुष्य, दोरी आणि बाण या चित्रावरून ही नावे आली, आणि गिटारच्या बोर्डासमोर बसल्यावर ती मला फार नेमकी वाटतात. तुकड्याच्या रुंदीचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. येईल तो शर. टोकांना शिंपला तितकाच झिजणार.

४० मि.मी. रुंदीचा चौकोन घेतला तर मार्टिनच्या बाकावर शर ०.४९ मि.मी. येतो, गिब्सनच्या बाकावर ०.६६, ९.५ इंचांच्या बाकावर ०.८३, आणि ७.२५ इंचांच्या बाकावर तब्बल १.०९ मि.मी. माझ्या त्या गिटारचा मालक जुन्या फेंडरच्या मानेवर हात बसलेला वादक होता, म्हणून मी बोर्ड १८४ मि.मी. त्रिज्येचा केला होता, आणि चौकोन ४२ मि.मी. रुंद होता. त्याचा शर १.२० मि.मी. शिंपला होता १.२७ मि.मी. जाड. म्हणजे पहिल्याच दिवशी टोकांना जेमतेम ०.०७ मि.मी. शिंपला उरला होता. नऊ वर्षे तो टिकला, कारण त्यावर कोणी पॉलिश पेपर चालवला नव्हता.

याउलट नेहमीचा ६ मि.मी. व्यासाचा गोल ठिपका घ्या. गिब्सनच्या बाकावर त्याचा शर ०.०१५ मि.मी. येतो, आणि तो विचारात घेण्याचीही गरज नाही. म्हणूनच ठिपके बसवून हात तयार झालेला माणूस पहिल्यांदा रुंद चौकोन बसवायला घेतो तेव्हा फसतो. ठिपक्यांच्या कामात जाडीचा प्रश्न कधी समोर आलेलाच नसतो.

विक्रेत्यांकडे शिंपल्याचे तुकडे बहुधा इंचांच्या मापात मिळतात: ०.०४, ०.०५ आणि ०.०६ इंच, म्हणजे साधारण १.०, १.२७ आणि १.५२ मि.मी. आता मी एक साधा नियम पाळतो. शर काढावा, त्यात अर्धा मिलिमीटर मिळवावा, आणि येईल त्याहून पातळ तुकडा घेऊ नये. अर्ध्या मिलिमीटरची ही राखीव पुंजी एवढ्यासाठी की फ्रेट बदलताना दर वेळी बोर्डाचा ०.१ ते ०.२ मि.मी. थर घासला जातो, आणि चांगली गिटार आपल्या आयुष्यात दोन-तीनदा तरी या प्रसंगातून जाते. या नियमाने पाहिले तर ४० मि.मी.चा चौकोन गिब्सनच्या बाकावर १.२७ मि.मी. जाडीत नीट बसतो. ९.५ इंचांच्या बाकावर १.५२ मि.मी.चा तुकडा घ्यावा लागतो. आणि ७.२५ इंचांच्या बाकावर १.५२ सुद्धा कमी पडतो, कारण तिथे १.५९ हवेत.

अशा वेळी दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे २ मि.मी. जाडीचा तुकडा घेणे. बोर्ड मध्यभागी साधारण ६ मि.मी. जाड असतो, फ्रेटांच्या चिराही दोन-अडीच मिलिमीटर खोल असतात, त्यामुळे २ मि.मी. खोल खोबण लाकडाला झेपते. पण इतका जाड शिंपला हाताने कापताना पाती भराभर तुटतात, नाजूक वळणे नीट निघत नाहीत, आणि अबॅलोनसारख्या वक्र शिंपल्यातून इतका जाड, सपाट आणि मोठा तुकडा मिळतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे चौकोनाचे दोन भाग करून प्रत्येकाला स्वतःच्या, किंचित तिरप्या खोबणीत बसवणे. २० मि.मी.च्या अर्ध्या भागाचा शर त्याच बाकावर फक्त ०.२७ मि.मी. येतो, १ मि.मी. जाडीचा तुकडाही पुरून उरतो. मला हा दुसरा मार्ग पसंत आहे. त्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते नागपूरच्या हवेशी निगडित आहे. ते पुढे सांगतो.

मानेच्या डोक्यावरचे, म्हणजे हेडस्टॉकवरचे काम मात्र वेगळे. तो भाग सपाट असतो, तिथे तारा घासत नाहीत, फ्रेटकामही होत नाही. तिथे १ मि.मी. पुरे. उलट जाड तुकडा घेतला तर त्रास होतो, कारण हेडस्टॉकवर चिकटवलेला लाकडी पत्रा दीड-दोन मिलिमीटरचाच असतो आणि खोबण त्याच्या आरपार गेली की कडेने खालचे फिकट लाकूड डोकावते. ध्वनिछिद्राभोवतीच्या कड्याचे, म्हणजे रोझेटचे गणित आणखी निराळे. स्प्रूस लाकडाची वरची फळी अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते आणि आवाज तिच्यातूनच निघतो, म्हणून त्या खोबणीची खोली फळीच्या निम्म्याच्या पुढे नेऊ नये. मार्टिनने १९३३ मध्ये पहिल्यांदा बनवलेल्या डी-४५ या गिटारवर कडांना आणि ध्वनिछिद्राभोवती अबॅलोनच्या बारीक तुकड्यांची पट्टी आहे. वक्र कडेवर तुकडे लहान ठेवायचे, हे तत्त्व तिथेही तसेच दिसते.

जाडी ठरली, आता पदार्थ.

शिंपल्याची चमक ही रंगाची नसून रचनेची आहे, हे समजले की त्याच्याशी वागण्याची पद्धत बदलते. शिंपल्याचा आतला थर अ‍ॅरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्यांचा बनलेला असतो. एकेक चकती सुमारे अर्धा मायक्रॉन जाड असते, आणि चकत्यांच्या मधे प्रथिनांचा पातळ लेप असतो. या थरांवरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला गुलाबी, हिरवी, निळी झाक दिसते. ही रचना तुकड्याच्या पूर्ण खोलीत असल्यामुळे वरून घासल्याने चमक संपत नाही. घासलेल्या पृष्ठभागाला पुन्हा बारीक पॉलिश पेपरने उजाळा दिला की ती परत येते. परंतु चमकेला दिशा असते. एकच तुकडा हातात धरून हळूहळू फिरवला तर एका कोनात तो पेटतो आणि दुसऱ्या कोनात दुधासारखा मंद होतो. म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक तुकडा खिडकीजवळ नेऊन फिरवून पाहावा आणि तो कुठल्या बाजूने पेटतो ती दिशा पेन्सिलने बाण काढून नोंदवावी. दोन अर्ध्या तुकड्यांचा चौकोन करणार असाल तर हे अत्यावश्यक आहे. एक अर्धा उजळ आणि दुसरा मंद दिसला तर कितीही बारीक सांधा केला तरी काम फसलेलेच दिसते.

मदर ऑफ पर्लचे मोठे, सपाट आणि जाड तुकडे प्रामुख्याने पिंक्टाडा मॅक्सिमा या मोत्याच्या शिंपल्यातून येतात. उत्तर ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि म्यानमार या भागांतल्या समुद्रात हा वाढतो आणि त्याचा व्यास ३० सें.मी.पर्यंत जातो. म्हणून रुंद चौकोनांसाठी त्याला तोड नाही. अबॅलोनची गोष्ट वेगळी. न्यूझीलंडमध्येच सापडणारा पावा हा त्यातला सर्वांत भडक, निळ्या-हिरव्या लाटांचा. पण शिंपला कपासारखा वळलेला असल्याने सपाट तुकडे लहान निघतात आणि जाडी वाढवू म्हटले तर आणखी लहान होतात. त्याच्या लाटा मला फार आवडतात. तरीही फ्रेटबोर्डवरच्या रुंद कामासाठी मी तो घेत नाही. पाने, वेली, लहान हिरे अशा आकारांत तो शोभतो आणि टिकतोही.

मोठ्या आकारात अबॅलोनच हवा असेल तर शिंपल्याचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेले पत्रे मिळतात. ते साधारण २४० बाय १४० मि.मी. आकाराचे, एकसारख्या जाडीचे असतात आणि कापायला सोपे जातात. हेडस्टॉकवर ते उत्तम दिसतात. फ्रेटबोर्डच्या बाकावर मात्र घासताना आपण हे पापुद्रे तिरपे छेदत जातो, त्यामुळे मध्यभागी एका पापुद्र्याची नक्षी आणि टोकांना खालच्या दुसऱ्याच पापुद्र्याची नक्षी वर येते, आणि दोहोंच्या सीमेवर नकाशातल्या उंचीरेषांसारखी पुसट रेघ दिसते. काहींना ती चालते. मला ती खटकते, म्हणून रुंद तुकड्यांना मी हे पत्रे फक्त सपाट जागी वापरतो.

आपल्या इथल्या शिंपल्यांचाही मी प्रयोग केला आहे. वैनगंगेच्या वाळूत आणि भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत गोड्या पाण्यातले शिंपले सापडतात. लॅमेलिडेन्स नावाच्या प्रजातीतले हे शिंपले आतून छान रुपेरी असतात. पण कवच पातळ आणि वळलेले. घासून सपाट करता करता हाती उरतात ते चार मिलिमीटर व्यासाचे, पाऊण मिलिमीटर जाडीचे ठिपके. मघाचा हिशेब इथे कामाला येतो: इतक्या लहान ठिपक्याचा शर नगण्य असल्यामुळे पाऊण मिलिमीटरही पुरतो. मानेच्या कडेला, वादकाला वरून दिसणाऱ्या खुणांसाठी मी आता हेच ठिपके वापरतो. गोसीखुर्द धरणाच्या बाजूच्या एका गावातून माझ्या मेहुण्याने पिशवीभर आणून दिले होते ते अजून संपलेले नाहीत.

धातूंसाठी इतवारीच्या सराफा बाजारासारखी जागा नाही. पितळ, तांबे आणि चांदीचा हवा त्या जाडीचा पत्रा तिथे लाटून मिळतो, आणि शिंपला कापायची बारीक करवतही मी तिथल्याच एका वयोवृद्ध कारागिरांकडून वापरायला शिकलो. पाते चौकटीत ताणून बसवल्यावर त्यांनी ते नखाने छेडायला सांगितले. “भाऊ, वाजवून पाहा. बद्द वाजलं तर ढिलं आहे, तारेसारखं वाजलं तर ओढ बरोबर आहे.” गिटार बनवणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपी खूण कोण सांगणार! पात्याच्या दातांविषयी त्यांनी सांगितलेले दुसरे सूत्रही जाडीशीच जोडलेले आहे: पदार्थाच्या जाडीत एका वेळी किमान दोन-तीन दाते असले पाहिजेत, नाहीतर दाता कडेत अडकून तुकडा फुटतो. १ मि.मी.च्या शिंपल्यासाठी मी ४/० नंबरचे पाते घेतो, दीड मिलिमीटरला २/० चालते.

धातूचा गुण हा की तो तुटत नाही आणि पातळ रेषांत उत्तम दिसतो. दोष तीन आहेत. घासताना तो तापतो, आणि झटपट चिकटणारा सुपरग्लू उष्णतेने मऊ पडतो, म्हणून धातूला सावकाश सुकणारे इपॉक्सीच वापरावे आणि घासताना थांबत थांबत घासावे. दुसरे म्हणजे धातूची काळी भुकटी फिकट लाकडाच्या रंध्रांत शिरते. मेपलच्या बोर्डावर पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम घासले तर आजूबाजूचे लाकूड मळते आणि ते पुन्हा पूर्ण उजळत नाही. तिसरा दोष घामाचा. पितळ आणि चांदी दोन्ही बोटांच्या घामाने काळवंडतात, आणि आपल्या उन्हाळ्यात बोटांना घाम किती येतो हे नागपूरकरांना सांगायला नको. वादकाला ती जुनेपणाची छटा आवडणार असेल तरच धातू निवडावा.

हाडाचा पांढरा रंग शांत असतो आणि काळ्या लाकडावर फार सुंदर उठतो. म्हशीचे किंवा उंटाचे हाड नीट उकळून, चरबी काढून वाळवलेले असावे. कच्चे राहिले तर काही महिन्यांत तेलकट पिवळे डाग वर येतात. हाड सच्छिद्र असल्याने गडद लाकडाची भुकटी त्यात बसते, म्हणून घासण्याआधी त्यावर पातळ सुपरग्लूचा एक हात देऊन रंध्रे बंद करावीत. २ मि.मी.च्या पट्ट्या सहज मिळत असल्याने लहान त्रिज्येच्या बाकावर जाड तुकडा हवाच असेल तर मी हाडाकडे वळतो.

हाडाचा विषय निघाला की हस्तिदंताचाही निघतो. एका गृहस्थांनी आजोबांच्या तंबोऱ्यावरची हस्तिदंताची पट्टी काढून गिटारवर बसवून द्याल का, असे विचारले होते. त्यांची भावना मला समजली, पण मी नकार दिला. हस्तिदंत आणि समुद्री कासवाचे कवच यांच्या व्यवहाराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे, आणि नॉटिलससारख्या काही शिंपल्यांचा समावेशही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झालेला आहे. सुंदर दिसतो म्हणून कुठून तरी आलेला शिंपला घेण्याआधी तो कोणत्या प्राण्याचा आहे हे विचारावे. जो विक्रेता जातीचे नाव सांगू शकत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

लाकूड हा जडावकामाचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पदार्थ. मेपलच्या फिकट बोर्डावर काळ्या लाकडाची वेल ही शिंपल्याच्या चमकेइतकीच देखणी असते. आणि ते काळे लाकूड आपल्या जंगलांतही आहे. ज्याची पाने विडीसाठी तोडली जातात आणि उन्हाळ्यात ज्याची टेंभरे खाल्ली जातात, त्या तेंदूच्या झाडाचा गाभा काळाभोर असतो, कारण ते झाड इबनीच्या, म्हणजे आबनूसच्याच कुळातले आहे. गाभा बारीक आणि वेडावाकडा असतो, त्यातून अखंड फ्रेटबोर्ड निघणे कठीण, पण जडावाच्या तुकड्यांना तो भरपूर होतो. लकडगंजमधल्या एका वखारीत मला त्याचे फाटे मिळाले होते. लाकडी तुकड्याला दोन मिलिमीटर जाडी घ्यावी. कापायला त्रास नाही, आणि बोर्डासोबत तो घासला जातो तेव्हा दोघांची कठिणता जवळपास सारखी असल्याने पृष्ठभाग एकसंध राहतो. शिंपल्याचे तसे नाही. शिंपला लाकडापेक्षा कठीण असल्यामुळे बोटाने पॉलिश पेपर दाबून घासले तर भोवतीचे लाकूड खोलगट होते आणि शिंपला उंचवट्यासारखा वर राहतो. घासताना पेपरखाली नेहमी बाकदार ठोकळाच असावा.

दगडाची भुकटी राळेत बांधून केलेले रंगीत तुकडेही मिळतात, त्यांत फिरोजा आणि प्रवाळाच्या रंगांना मागणी आहे. ते ठिसूळ असतात, पाती लवकर बोथट करतात. प्लॅस्टिकच्या मोतिया तुकड्यांबद्दल एवढेच म्हणेन की शिकताना पहिले दहा तुकडे त्यांचेच कापावेत.

आता नागपूरच्या हवेविषयी. वैशाखातल्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली जाते आणि आषाढ-श्रावणात ती ८० च्या वर असते. त्यात भर म्हणजे आपले कूलर. दिवसभर कोरड्या खोलीत असलेली गिटार संध्याकाळी कूलरच्या ओल्या झोतात येते, आणि तिचे लाकूड रोज थोडेथोडे हलत राहते. शिंपला आणि धातू मात्र ओलाव्याने हलत नाहीत. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेनेच जास्त आकसते, आणि फ्रेटबोर्डची आडवी दिशा म्हणजे नेमकी रुंद चौकोनाची लांब बाजू. इबनीच्या बोर्डात पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ५० मि.मी. रुंदीमागे होणारा बदल अर्ध्या मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. खोबण आकसू पाहते, आत बसलेला शिंपला हलत नाही, आणि ताण खोबणीच्या कोपऱ्यांवर येऊन तिथून बारीक चीर निघते. शिसवीचा बोर्ड इबनीपेक्षा कमी हलतो, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य.

चौकोनाचे दोन भाग करण्याचे जे दुसरे कारण मी मघाशी राखून ठेवले ते हेच. दोन भागांच्या मधे लाकडाची पट्टी राहिली की खोबणीची आडवी लांबी निम्मी होते, आकसण्याचा ताण विभागला जातो आणि कोपरे सुरक्षित राहतात. याशिवाय मी खोबणी कार्तिक-मार्गशीर्षात कोरतो, जेव्हा इथली हवा दोन टोकांच्या मधे असते. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात घट्ट बसवलेला तुकडा पुढच्या मे महिन्यात हमखास त्रास देतो. आडव्या टोकांना केसाएवढी, साधारण ०.०५ मि.मी.ची फट ठेवून ती त्याच लाकडाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीने भरावी. इबनीत ही भरणी दिसत नाही. शिसवीत ती लाकडापेक्षा बरीच गडद होते, म्हणून तिथे फट शक्य तितकी बारीक ठेवावी लागते. रोझेटच्या कामात सुपरग्लू वापरण्याआधी खोबणीच्या भिंतींना लाखेच्या पॉलिशचा एक हात द्यावा, नाहीतर तो स्प्रूसमध्ये झिरपून कायमचा डाग पाडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिंपल्याची भुकटी फुप्फुसांना अपायकारक आहे. साधा रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, शक्य तिथे पाणी लावून घासावे आणि कापताना तोंडाने फुंकर मारून भुकटी उडवू नये. कूलरसमोर बसून शिंपला कापणारी माणसे मी पाहिली आहेत. ती धूळ सगळ्या घरात पसरते आणि मुलांच्या श्वासात जाते.

माझ्याकडे आलेल्या त्या गिटारचे काम शेवटी असे केले. सोल्डरिंग आयर्नने शिंपला हळूहळू तापवून खालचे इपॉक्सी मऊ केले आणि जुना चौकोन अखंड बाहेर काढला. खोबण इबनीच्या नेमक्या कापलेल्या तुकड्याने, धाग्याची दिशा जुळवून भरून काढली आणि आठवडाभर तशीच ठेवली. मग खाली पाचरी लावून ड्रेमेल या छोट्या कोरणयंत्राची बैठक तीन अंशांहून थोडी अधिक कलती केली आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १ मि.मी. खोलीच्या दोन खोबणी कोरल्या. मधे इबनीची दोन मिलिमीटरची पट्टी राखली. दोन्ही अर्धे तुकडे मदर ऑफ पर्लच्या एकाच पत्र्यातून, एकाच दिशेने पेटणारे असे कापले. घासून झाल्यावर टोकांची जाडी हिशेबाने ०.७ मि.मी.च्या आसपास येते. त्या मुलाने गिटार खिडकीकडे वळवून पाहिली, दोन्ही भाग एकदम उजळले, आणि मग त्याने मधल्या काळ्या रेघेवरून बोट फिरवले. रेघ बोटाला लागली नाही. नवे फ्रेट दुसऱ्या दिवशी बसवले.